चार शब्दांची तार

“बाई, दार उघडा! तार आलीया!”

महिपतीनं दारावर असा बुक्का मारला की आतली कडी निम्मी सरकली. मी आरशासमोर वेणी घालत होते, दातांत दोन आकडे धरलेले. ते तसेच हातात काढले आणि दार उघडलं. समोर सहा फुटी महिपती कुंभार. हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले, आणि त्या मातीचा डाग लागू नये म्हणून तारेचा कागद दोन बोटांच्या चिमटीत अंगापासून लांब धरलेला.

“आक्कानं बलीवलंय. आत्ताच्या आत्ता. विंग्रजीत हाय.”

“वकिलांची तार इंग्रजीतच असायची, महिपतीदादा. चला,” मी म्हटलं आणि अर्धी वेणी तशीच सोडून निघाले.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. पुण्याहून बी.ए., बी.एड. होऊन माळदुर्गला नगरपालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले होते. नोकरी अजून कायम व्हायची होती, पण तोरा असा की जणू शाळा माझ्याच नावावर आहे. आठवीच्या वर्गात मी शब्दांच्या जातींचा भला मोठा तक्ता लावला होता. नामं निळ्या शाईत, क्रियापदं लाल शाईत. लीव्ह आणि स्टे, दोन्ही लाल. शब्दाची जात एकदा घोका, मग इंग्रजी तुम्हाला कुठं अडवणार नाही, असं मी मुलांना बजावून ठेवलं होतं. माझं मला कधी काही अडलंच नव्हतं ना!

माझी भाड्याची खोली कुंभारगल्लीच्या तोंडाशी होती. गल्लीत वीस-बावीस घरं, मधे मोठं पटांगण, आणि पटांगणात आवा, म्हणजे मडकी रचून भाजतात तो. ती जागा नगरपालिकेला नव्या स्टँडसाठी हवी होती. दोन वर्षं कोर्टात भांडण चाललं, खालच्या कोर्टात गल्ली हरली. मग सामंत वकील वरच्या कोर्टात गेले. इकडं नगरपालिकेनं नोटीस चिकटवली की अकरा तारखेला दुपारी बारापर्यंत जागा मोकळी करा, नाहीतर आम्ही करू. आज अकरा तारीख होती, आणि नऊ वाजून गेले होते.

आणि हौसाआक्कानं, महिपतीच्या आईनं, नेमका आजच पहाटे आवा पेटवला होता! “पेटल्याला आवा कोन हलीवतंय ते बगती मी,” असं म्हणाली होती म्हणे. सगळ्या गल्लीचे माठ, रांजण, घागरी, उन्हाळ्यात विकायचा बहुतेक सगळा माल त्या आव्यात होता. एकदा पेटवला की तीन दिवस त्याला हात लावायचा नसतो. मधेच विझवला तर आतलं सगळं तडकतं. मग गल्लीनं वर्षभर खायचं काय?

पटांगणात बाया-माणसं गोळा झाली होती. धुरानं डोळे चुरचुरत होते. हौसाआक्का पाटावर बसली होती, साठीची, ठेंगणी, कपाळावर आडवं कुंकू, आणि आवाज मात्र पार वेशीपर्यंत जाईल असा.

“वाच, बाई,” ती म्हणाली. “तुज्याबिगर कोन हाय आमाला वाचनारं?”

मी कागद घेतला. चारच शब्द होते. तारेत ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. एकदा नजर टाकली, मनातल्या मनात मराठी केलं आणि मान वर केली.

“निघा,” मी म्हटलं.

सगळ्यांच्या माना एकदम कागदाकडं वळल्या.

“पहिला शब्दच तो आहे. जागा सोडा. राहायची सोय मंजूर झाली आहे, ती मागाहून मिळेल. असं वकील कळवतात.”

इतकं सोपं. एकदाही अडखळले नाही मी. आज इतक्या वर्षांनी मला त्या न अडखळण्याचीच लाज वाटते.

“वकीलसायेबच निघा म्हनत्यात?” महिपतीनं विचारलं.

“कागदावर तसं आहे.”

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट. मास्तरीणबाईंनी सांगितलं म्हणजे संपलं, असा विश्वास होता त्या चेहऱ्यावर. मग तो वळून ओरडला, “गाडी जुपा रं! कच्चा माल आदी भायेर काडा!”

एकदम धांदल उडाली. छपरातले कच्चे रांजण, अजून भाजायचे राहिलेले, दोघं-दोघं उचलून गाडीकडं न्यायला लागले. कुणाचा तरी पाय सरकला आणि तीन रांजण धबाधब खाली आले. भाजलेल्या मडक्यासारखा खळकन आवाज नाही झाला, नुसता भदकन झाला. एका बाईनं तोंडाला पदर लावला. तेवढ्यात दोघंजण हौदातून घागरी भरायला लागले.

“पाणी कशाला?” मी विचारलं.

“आवा इजवायला,” महिपती म्हणाला. “पेटता आवा त्येंच्या ट्रॅक्टरनं उदळला, तर घरं पेटतील न्हवं का? इजवावाच लागंल.”

तीन महिन्यांचं काम होतं त्या आव्यात. घागर खांद्यावर घेऊन तो आव्यापाशी जाऊन उभा राहिला, पण ती तिरपी करायला त्याचा हात धजेना.

“थांब रं,” हौसाआक्का म्हणाली. ती अजून पाटावरून हलली नव्हती. “बाई, तुजं ते मराटी ऱ्हाऊ दे. विंग्रजी वाच.”

“आक्का, तुम्हाला इंग्रजी कळणार आहे का?”

“न्हाई कळायचं. पर दोन वर्सं कोर्टाची पायरी झिजीवलीया मी. कानावर काय काय पडलंय. वाच तू. मोट्यांदा वाच.”

मला खरं तर रागच आला. मी काय खोटं सांगत होते? पण म्हटलं, म्हातारीचं समाधान होऊ दे. वर्गात वाचते तशी मी एकेक शब्द सुटा करून खणखणीत वाचला.

“लीव्ह. ग्रँटेड. स्टे. फॉलोज.”

“काय म्हनलीस? तिसरं काय म्हनलीस?”

“स्टे.”

“स्टे?”

“हो, स्टे.”

अहो, सगळी गल्ली एकदम ओरडली! “स्टे हाय! त्येच्यात स्टे हाय!” ज्या बाईनं तोंडाला पदर लावला होता, ती तोच पदर खोचून पुढं आली. महिपतीनं घागर खांद्यावरून खाली घेतली. मला काही कळेचना.

“अहो, स्टे म्हणजे राहणं,” मी हात वर करून सांगत होते. “मुक्काम करणं. क्रियापद आहे ते!”

“मुक्काम आसंल तुज्या पुन्यात,” हौसाआक्का कडाडली. “हितं स्टे म्हंजे कागूद. कोर्टाचा शिक्का मारल्याला कागूद! दोन वर्सं आमी दुसरं काय मागतोय? त्यो मुन्शिपालटीचा टोणपे सायेब काय म्हनतो दर बारीला? ‘स्टे आना, मग बोला.’ तालमीवाल्यांनी आनला, तेल्याच्या नामदेवानं आनला. स्टे आनायचा आसतोय, बाई. आनायची वस्तू हाय ती!”

आनायची वस्तू.

मी पुन्हा कागदाकडं बघितलं. माझ्या तक्त्यावरच्या लाल शब्दाला या बाईनं, जिला सही येत नव्हती, सरळ निळ्या रकान्यात नेऊन बसवलं होतं. आणि ती बरोबर होती. शेवटचा शब्द फॉलोज. मागून येतोय. काय मागून येतोय? राहायची सोय कुठली आलीय! वकील कशाला सोयी बघतील? स्टेचा कागद मागून येतोय. पोस्टानं. टपाल मागाहून येतं, हे तर पोरसुद्धा सांगेल.

“पाणी ओतू नका!” मी किंचाळले. “खाली ठेवा ते. चुकलं माझं. चुकीचं वाचलं मी. स्टे मिळालाय, कागद मागून येतोय.”

“चुकलं माझं” हे शब्द मी त्याआधी कधी चारचौघांत उच्चारले असतील असं मला आठवत नाही. पण कुणाचं तिकडं लक्षच नव्हतं. बाया एकमेकींना मिठ्या मारत होत्या. फक्त महिपती माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “आनि ते पैलं? लीव का काय?”

आता माझा जीव थाऱ्यावर राहिना. पहिला शब्द होताच की. लीव्ह. स्टे नाम असेल, कबूल, पण लीव्ह? स्टे मिळाला, तर निघा कशाला?

“बघते,” मी म्हटलं.

वकिलांना ट्रंक कॉल लावायला गल्लीतला एकजण पोस्टात जाऊन बसला होता. लाइन लागत नव्हती. अकरा वाजले. माझी शाळा भरली, तरी मी तिथंच. पावणेबाराला गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर वाजला.

टोणपेसाहेब नगरपालिकेचे ओव्हरसियर. वाईट माणूस नव्हता. मागं एकदा माझ्या खोलीचं छप्पर गळत होतं तेव्हा स्वतः उभं राहून दुरुस्त करून दिलं होतं त्यांनी. पण नियम म्हणजे नियम. मागं आठ-दहा माणसं, पहारी, दोरखंड.

“बाई, तुम्ही इथं? शाळा नाही का?” त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत महिपतीनं तार त्यांच्यापुढं धरली.

“स्टे आलाय, सायेब.”

टोणप्यांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि हसले. “अरे, वाचता येत नाही तर विचारायचं तरी. पहिला शब्द काय आहे? लीव्ह. तुमचाच वकील सांगतोय, निघा. पुढं, राहायची सोय मंजूर, ती मागाहून मिळेल. बाई, तुम्ही तरी समजावून सांगायचं की नाही यांना?”

माझेच शब्द. जसेच्या तसे. दोन तासांपूर्वी मी हेच बोलले होते, आणि तोराही हाच होता. कुणीतरी माझ्याच थोबाडासमोर आरसा धरावा तसं झालं मला. गल्लीतली एकूणएक माणसं माझ्याकडं बघत होती. एक जण जरी म्हणाला असता की बाईंनीही असंच वाचलं होतं, तर खेळ खलास होता. कुणी बोललं नाही.

“साहेब, तुम्ही चुकीचं वाचताय,” मी म्हटलं.

“मी?”

“तुम्ही. लीव्ह आणि ग्रँटेड हे जोडीनं वाचा. ही जोडी तुम्ही रोज बघता. गेल्या महिन्यात मी रजेचा अर्ज दिला, त्यावर तुमच्याच कचेरीतून काय शेरा आला? लीव्ह ग्रँटेड. मग मी काय नोकरी सोडून निघून गेले? रजा मंजूर, असा त्याचा अर्थ. लीव्ह इथं नाम आहे.”

टोणपे मिशीत हसले आणि मागं वळून आपल्या माणसांना म्हणाले, “ऐकलंत का? कोर्टानं कुंभारांना रजा मंजूर केलीय. किरकोळ का हक्काची, बाई?”

सगळे खो खो हसले. ट्रॅक्टरवालासुद्धा हसला. मला कानशिलं तापलेली कळत होती. माझं व्याकरण बरोबर होतं, पण अर्थ हातात येत नव्हता. कोर्ट कशाला रजा देईल? कुणाला? कशाची? टोणप्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. बाराला चार मिनिटं होती.

तेव्हा हौसाआक्का पाटावरून उठली. पदर सावरून टोणप्यांसमोर आली आणि तिच्या रीतीप्रमाणे हात जोडून म्हणाली, “सायेब, रजा आसंल तर योक बोलू का?”

रजा असेल तर.

“आक्का!” मी अशी ओरडले की ती दचकली. “काय म्हणालात? परत म्हणा!”

“रजा आसंल तर बोलू का, म्हनलं. काय वंगाळ बोलले व्हय?”

“ऐकलंत, साहेब? रजा! हिला काय सुट्टी पाहिजे तुमच्याकडून? परवानगी मागतेय ती. आपल्याकडं रजा म्हणजे परवानगी, आणि इंग्रजीत लीव्ह म्हणजेही तेच! वरच्या कोर्टात उठून कुणालाही अपील करता येत नाही, आधी कोर्टाची रजा लागते. ती मिळाली. लीव्ह ग्रँटेड, अपिलाची परवानगी मिळाली. स्टे फॉलोज, स्टेचा कागद मागून येतोय. चार शब्द, दोन वाक्यं, आणि निघा असं त्यात कुठंही नाही!”

आता हसायला कुणी तयार नव्हतं. टोणप्यांनी तार पुन्हा वाचली. ओठ हलवून, एकेक शब्द.

“बाई, लीव्ह हे क्रियापद. लहानपणापासून मी तेच शिकलो.”

“मीही तेच शिकवत होते. कालपर्यंत.”

“शब्दाची जात अशी बदलते?”

“बदलते, साहेब. जन्मानं चिकटत नाही ती. ज्या वाक्यात जे काम पडेल, ती त्याची जात.”

महिपतीनं घसा खाकरला. टोणप्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग धुराकडं, मग माझ्याकडं. हातातल्या पॅडवर अडकवलेला कोरा कागद त्यांनी माझ्यापुढं केला.

“मग हे सगळं लिहून द्या. सही करा. तुमच्या जबाबदारीवर मी चार दिवस थांबतो. कागद आला नाही, तर गल्लीही जाईल आणि जूनमध्ये तुमचं कायम होणंही. नगरपालिकेची नोकरी आहे, बाई. नगरपालिकेच्या विरुद्ध सही करताय, एवढं लक्षात असू द्या.”

“आहे लक्षात,” मी म्हटलं आणि ट्रॅक्टरच्या चाकावर कागद टेकवून लिहिलं. या तारेत लीव्ह हे नाम आहे, अर्थ परवानगी. स्टे हेही नाम आहे, अर्थ स्थगितीचा आदेश. खाली सही, हुद्दा, तारीख. हात थरथरला नाही. आता वाटतं, सकाळचं माझं न अडखळणं आणि दुपारचं हे न थरथरणं, वरून दोन्ही सारखीच दिसतात. पण सकाळी मी भ्याले नव्हते, कारण चुकण्याची शक्यताच मला माहीत नव्हती. दुपारी चांगलीच भ्याले होते.

ट्रॅक्टर गेला. ट्रंक कॉल काही लागला नाही. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला उभं करून अर्धा तास झापलं. “तुम्हाला कुणी वकिली करायला सांगितली होती?” मी म्हटलं, “सर, मी फक्त व्याकरण सांगितलं.” पण पोस्टमन दिसला की वर्ग सोडून मी फाटकाकडं धावायचे.

चौथ्या दिवशी सकाळी रजिस्टर टपाल आलं. महिपती तोच बुक्का मारायला दारात हजर. या वेळी मी एक शब्दही मराठीत बोलले नाही. पटांगणात उभी राहिले आणि तीनही पानं आधी इंग्रजीतून मोठ्यानं वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लोक न कळता ऐकत होते, आणि दर वेळी स्टे आला की “आला!” म्हणून ओरडत होते. पाच वेळा आला तो. लीव्हही आला, अगदी पहिल्या ओळीत, आणि मी म्हटलं होतं तोच अर्थ घेऊन आला. कागद खाली केला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. हौसाआक्कानं पोलक्याच्या बाहीनं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, “आता रडतीस व्हय? सई करताना बरी वाघीन झालीवतीस.”

टोणपेसाहेबांनी कागदाची नक्कल घेतली, पोच दिली, आणि माझी सही असलेला तो कागद खिशातून काढून मला परत केला. जूनमध्ये माझी नोकरी कायम झाली. त्यात त्यांचा हात होता की नाही, मी कधी विचारलं नाही.

त्याच दुपारी आवा उघडला. वरची राख बाजूला सारून महिपती एकेक माठ काढत होता, बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकत होता आणि मागं देत होता. टणटणीत वाजत होते सगळे. गल्लीला नुसतं उधाण आलं होतं. मला मात्र त्या छपराकडं बघवत नव्हतं. शेवटी धीर करून मी त्याच्यापाशी गेले.

“महिपतीदादा, माझ्यामुळं ते तीन रांजण गेले. मी चुकीचं वाचलं म्हणून.”

“गेले कुटं?” त्यानं मान वरही केली नाही. “ते काय तितं, खड्ड्यात. पान्यात टाकल्यात. कच्चं फुटलं त्येचं काय वाईट वाटून घ्यायचं, बाई? भिजलं की पुन्ना माती. भाजल्यावर फुटलं आसतं, मग खापर. मग कोन काय करनार?”

मी वाकून बघितलं. खड्ड्यात रांजणांची माती भिजून लोण्यासारखी मऊ झाली होती.

“तुडवायची हाय ती आजच,” महिपती म्हणाला. “मानूस कमी पडतंय.”

मी चपला काढल्या, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलं आणि खड्ड्यात उतरले. माती गार होती. पाय घोट्यापर्यंत आत गेले, मी घाबरून चवड्यांवर नाचायला लागले, आणि पोरीबाळी फिदीफिदी हसल्या.

“टाच लाव, बाई, टाच!” हौसाआक्का पाटावरून ओरडली. “नुसत्या बोटांनी माती ऐकत न्हाई.”

मी टाच लावली.